ईएन २४चा शाफ्ट: बार निवडण्यापासून तुटलेला तुकडा वाचण्यापर्यंत

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या जॉब शॉपमध्ये येणारी ड्रॉइंग चाळली, तर मटेरियलच्या रकान्यात ‘ईएन २४’ (एक मिश्रधातू स्टील) एवढंच लिहिलेलं वारंवार सापडतं. अवस्था (मऊ की हीट ट्रीटमेंटने कडक केलेली) कोणती, कडकपणा किती, मशीनिंग आधी की हीट ट्रीटमेंट आधी, याबद्दल एक शब्द नसतो. ड्रॉइंग काढणाऱ्याला वाटतं, ग्रेड भारी लिहिला म्हणजे शाफ्ट दमदार होणार. मग दुकानातून मऊ केलेला बार येतो, टर्नर तो लेथवर तसाच ओढतो, कीवे (चावी बसवायची खाच) पाडून शाफ्ट मशीनमध्ये बसतो आणि पहिल्याच हंगामात पिळला की ‘मटेरियल डुप्लिकेट निघालं’ असा निकाल लागतो. बरेचदा मटेरियल अस्सलच असतं. पण मऊ अवस्थेतल्या ईएन २४चं यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकतं किंवा पिळतं तो आकडा), नीट कडक आणि टेंपर केलेल्या (कडक केल्यावर पुन्हा बेताने तापवून चिवट केलेल्या), त्याहून स्वस्त अशा ईएन १९पेक्षाही कमी भरतं.

स्टीलची ताकद ग्रेडमध्ये असते त्याहून जास्त त्याच्या अवस्थेत असते, आणि ती अवस्था मागून, तपासून घ्यावी लागते. ते कसं करायचं हे एकाच उदाहरणावरून बघू: द्राक्षबागेत खरड छाटणी आणि फळछाटणीनंतर निघणाऱ्या काड्या बारीक करणारा, ट्रॅक्टरच्या पीटीओवर (अवजारांना फिरती ताकद देणाऱ्या मागच्या शाफ्टवर) चालणारा श्रेडर. त्याचा इनपुट शाफ्ट आपल्याला बनवायचा आहे.

आधी ओळख

ईएन २४ म्हणजे निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मध्यम कार्बन मिश्रधातू स्टील. कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के, निकेल १.३० ते १.७०, क्रोमियम १.०० ते १.४०, मॉलिब्डेनम ०.२० ते ०.३५, मँगेनीज ०.४५ ते ०.७०. ब्रिटिश बीएस ९७० मानकात नंतर याचंच नाव ८१७एम४० झालं, पण आपल्याकडे जुनं नावच चालतं. अमेरिकन ४३४० आणि युरोपियन १.६५८२ हे जवळचे नातेवाईक आहेत, जुळे नाहीत. ४३४०मध्ये निकेल जास्त (१.६५ ते २.००) आणि क्रोमियम कमी (०.७० ते ०.९०) असतं, तर युरोपियन ग्रेडमध्ये कार्बन थोडा खाली (०.३० ते ०.३८) असतो. निर्यातीच्या जॉबला ‘सेमच आहे’ म्हणून एकाच्या जागी दुसरं वापरू नका. ग्राहकाकडून लेखी होकार घ्या.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. युरोपियन ड्रॉइंगवर ‘ईएन १००८३’ असं दिसलं तर तो ग्रेड नाही, तो युरोपियन मानकाचा क्रमांक आहे. त्या ईएनचा आणि आपल्या ईएन ८, १९, २४, ३१ या जुन्या ब्रिटिश क्रमांकांचा काही संबंध नाही.

या मिश्रणाचा उपयोग काय? क्रोमियम आणि मॉलिब्डेनममुळे बार जाड असला तरी तापवून तेलात बुडवल्यावर आतपर्यंत कडक होतो, आणि निकेलमुळे कडक होऊनही तो चिवट राहतो. साध्या कार्बन स्टीलचा ईएन ८ पाण्यात बुडवला तरी कडकपणा वरच्या काही मिलिमीटरांतच राहतो, गाभा मऊच. ईएन २४ची खरी कमाई जाड जॉबमध्ये आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी पैसे वाचवेल.

पायरी १: ईएन २४ खरंच लागतं का, हे आकड्यांनी बघा

समजा ट्रॅक्टरकडून पीटीओवर २६ किलोवॅट, म्हणजे सुमारे ३५ एचपी मिळतात आणि पीटीओ ५४० आरपीएमवर फिरतो. टॉर्कचं सूत्र सोपं आहे: ९५५० गुणिले किलोवॅट, भागिले आरपीएम. उत्तर येतं साधारण ४६० न्यूटन-मीटर.

आता ३५ मिमी व्यासाचा भरीव शाफ्ट धरू. पिळाचा ताण म्हणजे १६ गुणिले टॉर्क, भागिले पाय गुणिले व्यासाचा घन. टॉर्क न्यूटन-मिलिमीटरमध्ये घ्यायचा. हिशेब येतो ५५ मेगापास्कल. हा आकडा बघून ‘एमएससुद्धा (साधं माइल्ड स्टील) चालेल की’ असं वाटतं. पण श्रेडरमध्ये काड्यांबरोबर कधी जाड खोड जातं, कधी मांडवाची तार जाते, आणि रोटर झटक्यात अडकतो. त्या झटक्याचे अडीच पट धरा. कीवेच्या कोपऱ्यात ताण गोळा होतो त्याचे आणखी दोन पट. आता आकडा पावणेतीनशेच्या घरात गेला.

समोर स्टीलची बाजू मांडू. पिळात यील्ड साधारण ओढीतल्या यील्डच्या ५८ टक्के असतं. एमएसचं ओढीतलं यील्ड २५० मेगापास्कल, म्हणजे पिळात १४४. गेलं. नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत गार केलेल्या) ईएन ८चं २८०, म्हणजे पिळात १६०. तेही गेलं. ईएन २४ टी अवस्थेत (कडक-टेंपर केलेली एक ठरावीक अवस्था, पायरी २ बघा) ६८०, म्हणजे पिळात ३९०. इथे जॉब तग धरतो, थोडी उसंतही उरते.

पण थांबा. ३५ मिमीच्या जाडीला ईएन १९ टी अवस्थेतही ६८०च देतो. त्यात निकेल नसतं, म्हणून तो स्वस्त पडतो. एवढ्या बारीक शाफ्टला ईएन २४ मागणं म्हणजे निकेलचे पैसे उगाच देणं. जाडी ६३ मिमीच्या पुढे गेली की ईएन १९ मागे पडायला लागतो आणि तिथे ईएन २४ची पाळी येते. मोठ्या गिअरबॉक्सचे शाफ्ट, प्रेसचे टाय रॉड, जाड स्पिंडल, क्रेनच्या पिना ही त्याची खरी ठिकाणं. बारीक जॉबलाही ईएन २४ घ्यावं असं एक कारण मात्र आहे: वारंवार आदळणारा, झटके खाणारा भार. तिथे निकेलचा चिवटपणा कामी येतो. आपला श्रेडर या सीमेवरच आहे. तार आणि खोडं रोजची असतील तर मी ईएन २४ टी घेईन, नुसत्या काड्या असतील तर ईएन १९ टी.

तिसरा पर्यायही बघा, तो कुणी बघत नाही. जागा असेल तर शाफ्ट जाड करा. हाच टॉर्क नॉर्मलाइज्ड ईएन ८मध्ये पेलायला हिशेबाने ४७-४८ मिमी व्यास पुरतो. बारचं वजन काढायचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, व्यासाचा वर्ग भागिले १६२. ३५ मिमीला मीटरमागे साडेसात किलो, ४८ मिमीला चौदा किलोच्या वर. बेअरिंगही ३५ऐवजी ५० बोअरचं लागेल. तरी गावातल्या लेथवर दुरुस्त होणारं, कुठेही मिळणारं मटेरियल हवं असेल तर हा पर्याय वाईट नाही. शेतीच्या अवजाराला तर कधीकधी तोच शहाणपणाचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: शाफ्ट वाकून परत सरळ होत असेल, म्हणजे चालताना लवत असेल, थरथरत असेल, तर ग्रेड बदलून काडीचाही फरक पडणार नाही. लवचिकतेचा मापांक एमएसचा असो की ईएन २४चा, २०५ गिगापास्कलच्या आसपासच राहतो. हीट ट्रीटमेंटनेही तो हलत नाही. लवणं कमी करायचं तर व्यास वाढवा किंवा बेअरिंग जवळ आणा. व्यासाचा परिणाम चौथ्या घाताने होतो: ३५चा ४८ केला की शाफ्ट साडेतीन पट ताठ. ‘शाफ्ट लवतोय, ईएन २४ टाका’ हा सल्ला अंबडमध्ये जितका सर्रास मिळतो तितकाच चुकीचा आहे.

पायरी २: अवस्था ठरवा

बीएस ९७०मध्ये कडक-टेंपर केलेल्या अवस्थांना इंग्रजी अक्षरं दिली आहेत. टी म्हणजे ८५० ते १००० मेगापास्कल ताणशक्ती, २४८ ते ३०२ बीएचएन (ब्रिनेल मापातला कडकपणा). यू म्हणजे ९२५ ते १०७५, २६९ ते ३३१ बीएचएन. व्ही म्हणजे १००० ते ११५०, २९३ ते ३५२. डब्ल्यू म्हणजे १०७५ ते १२२५, ३११ ते ३७५. अशी चढण पुढे एक्स, वायमार्गे झेडपर्यंत जाते. तिथे किमान १५५० मेगापास्कल आणि किमान ४४४ बीएचएन.

जसजसं वर जाल तसतशी दोन गोष्टींची किंमत मोजावी लागते. एक म्हणजे तुटण्याआधी लांबण्याची क्षमता घटते: टीमध्ये तुटण्याआधीची लांबण किमान १३ टक्के असते, झेडमध्ये ५ टक्के. दुसरं, जाडीची मर्यादा आवळत जाते. टी अवस्था जाड बारमध्येही मिळते, झेड फक्त तिशीच्या आतल्या बारीक जॉबमध्ये. शंभर मिमीच्या शाफ्टवर ‘झेड’ लिहिणारं ड्रॉइंग आलं तर समजा की लिहिणाऱ्याने तक्ता बघितलेला नाही.

छोट्या युनिटला माझा सल्ला टीचा. तयार टी अवस्थेतला बार विकत मिळतो, तो कार्बाइडने सरळ ओढता येतो, पुन्हा भट्टीत पाठवावा लागत नाही, त्यामुळे वाक येण्याची भीतीही नाही. यूच्या वर जायचं तर कारण कागदावर लिहून ठेवा.

पायरी ३: खरेदी

दुकानात ‘दादा, ईएन चोवीस आहे का पन्नासमध्ये?’ असं विचारलं की उत्तर ‘आहे की’ असंच येणार. असं विचारा: ‘ईएन २४ टी, काळा राउंड, पन्नास मिमी, २४८ ते ३०२ बीएचएन, हीट नंबर मारलेला आणि त्याच हीटचा टीसी.’ हीट म्हणजे भट्टीतला एक ओत, आणि टीसी म्हणजे त्याचं टेस्ट सर्टिफिकेट. विकणारा पटकन बोलायचा थांबला तर तुम्हाला उत्तर मिळालं. नाशिकमध्ये माप नसेल तर माल कळंबोलीच्या (नवी मुंबई) लोखंड बाजारातून किंवा पुण्याहून येतो. अशा वेळी एक दिवस थांबणं परवडतं, मिळेल ते उचलणं परवडत नाही.

टीसीवर तीन गोष्टी बघा. हीट नंबर बारच्या तोंडावरच्या पंचशी जुळतो का, रासायनिक आकडे ‘आधी ओळख’मध्ये दिलेल्या मर्यादांत आहेत का, आणि यांत्रिक आकडे दिलेत का. फक्त रसायन दिलेला टीसी मऊ बारचाही असू शकतो. तोंडाला लावलेल्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक गोदामाची रंगांची पद्धत वेगळी असते. बार कापताना पंच असलेलं टोक शेवटी वापरा, नाहीतर उरलेला तुकडा कशाचा हे पुढच्या महिन्यात कुणालाच सांगता येणार नाही. रॅकमध्ये पडलेले असे बेवारस तुकडे ‘ईएन २४च असेल’ म्हणून जॉबला लागतात, ही सगळ्यात जास्त होणारी फसगत, आणि ती आपणच आपली करतो.

मापाबद्दल: काळ्या, म्हणजे न सोललेल्या बारची वरची साल भट्टीत कार्बन गमावून बसलेली असते. ती मऊ असते आणि फटिगची (वारंवारच्या भाराने हळूहळू वाढणाऱ्या तड्याची) सुरुवात तिथूनच होते. दर बाजूने किमान दीड-दोन मिलिमीटर निघेल असा बार घ्या. ३५ फिनिशला ४० चालेल, ३६ चालणार नाही. शंभर मिमीच्या वरचा बार असेल तर अल्ट्रासॉनिक तपासणीचा रिपोर्ट मागा, कारण आतली पोकळी बाहेरून दिसत नाही.

पायरी ४: तपासणी

हातात धरायची एक्सआरएफ बंदूक (क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम काही सेकंदांत सांगते. ईएन १९ आणि ईएन २४ वेगळे करायला ती उत्तम: निकेल दीड टक्क्याच्या आसपास दिसलं पाहिजे. पण तिला कार्बन दिसत नाही. कार्बन हवा तर छोटा तुकडा कापून स्पेक्ट्रोला (ठिणगीच्या प्रकाशावरून रसायन मोजणाऱ्या चाचणीला) पाठवा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेली लॅब बघून. ग्राइंडरवरच्या ठिणग्यांवरून जुना टर्नर एमएस आणि मध्यम कार्बन स्टील बरोबर ओळखतो, पण ठिणग्यांवरून निकेल ओळखतो असं कुणी म्हणालं तर त्यावर ऑर्डर देऊ नका.

कडकपणा मोजताना साल काढून, घासून सपाट केलेल्या जागेवर मोजा. टी अवस्थेला ब्रिनेलच बरं. रॉकवेलमध्ये हेच साधारण २४ ते ३२ एचआरसी येतं. खिशातला रिबाउंड टेस्टर सोयीचा असतो, पण हलक्या जॉबवर तो कमी आकडा दाखवतो. पाच किलोच्या आतला तुकडा असेल तर जड सपाट ठोकळ्यावर पक्का बसवून मोजा, नाहीतर चांगला माल नाकाराल.

पायरी ५: मशीनिंग

टी अवस्थेतला ईएन २४ ओढायला एमएसपेक्षा जड, पण घाबरण्यासारखा नाही. कोटेड कार्बाइड, स्टीलसाठीचा पी वर्ग, मिनिटाला १२० मीटर कटिंग स्पीडपासून सुरुवात करा. ४० मिमी व्यासाला म्हणजे साडेनऊशे आरपीएम. फीड फेऱ्याला ०.२ ते ०.३. यंत्र ताठ असेल तर पुढे वेग वाढवा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) हत्याराने १५-२० मीटरच्या वर जाऊ नका. दहाचा ड्रिल पावणेचारशे-चारशे आरपीएमला, भरपूर कूलंट देऊन. भोकाच्या तळाशी ड्रिल नुसता घासत ठेवू नका, तिथला पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा टॅप मोडतो. एम १२चा टॅप सव्वाशे-दीडशे आरपीएम पुरे, आणि भोक थोडं मोठ्या बाजूचं ठेवा.

शाफ्ट किती वर्षं चालणार हे मात्र वेगावर ठरत नाही, ते कोपऱ्यांवर ठरतं. ताकदवान स्टील खाचांबद्दल जास्त हळवं असतं. एमएसच्या शाफ्टला माफ होणारी हत्याराची रेघ ईएन २४च्या शाफ्टला तडा देते. जिथे व्यास बदलतो तिथे गोलाई ठेवा. आता ६२०७ बेअरिंगचा कोपरा १.१ मिमी असतो, म्हणजे शाफ्टची गोलाई १ मिमीच्या आतच ठेवावी लागणार, नाहीतर बेअरिंग खांद्याला टेकणार नाही. मोठी गोलाई हवी असेल तर मध्ये आतून चँफर केलेली रिंग घाला. कीवेचा तळकोपरा हत्याराच्या धारेने काटकोनात सोडू नका, थोडी गोलाई असलेला कटर घ्या, आणि कीवे व्यास बदलतो त्या खांद्याच्या आधीच संपवा. खांदा आणि कीवे एकाच जागी आले की तो शाफ्ट तिथेच तुटणार, ग्रेड कोणताही घाला. एमरीने केलेली शेवटची घासाई शाफ्टच्या लांबीच्या दिशेने असेल तर आणखी उत्तम.

पायरी ६: स्वतः हीट ट्रीटमेंट करून घ्यायची असेल तर

बार मऊ घेतला, किंवा टीच्या वर जायचं असेल, तर क्रम असा: रफ मशीनिंग, हार्डनिंग, टेंपरिंग, मग फिनिशिंग आणि ग्राइंडिंग. रफमध्ये लांब शाफ्टला दर बाजूने एखादा मिलिमीटर सोडा, वाक येतोच.

हार्डनिंग ८२५ ते ८५० अंशांना, तेलात. पाण्यात कधीच नाही, तडकेल. तेल हलतं आणि कोमट, ५० ते ८० अंशांवर हवं. डिसेंबरात निफाडकडे थंडीची लाट आली की पहाटे टाकीतलं तेल घट्ट झालेलं असतं. अशा तेलात पहिल्या बॅचचा कडकपणा कमी भरतो आणि दुपारच्या बॅचचा बरोबर येतो. हीटर चालू करून मगच जॉब टाकायला सांगा. लांब शाफ्ट उभा टांगूनच बुडवायचा, आडवा नाही. तेलातून निघालेला जॉब पूर्ण गार पडायच्या आत, हाताला सोसेल इतका गरम असतानाच टेंपरिंगला गेला पाहिजे. रात्रभर ठेवून सकाळी टेंपर करणाऱ्याकडे जॉब देऊ नका, तडे रात्रीच पडतात.

टेंपरिंग जितक्या वरच्या तापमानाला तितकी ताकद कमी आणि चिवटपणा जास्त. जवळच्या ४३४०चे आकडे अंदाजाला घ्या: २०५ अंशांना सुमारे १८७५ मेगापास्कल, ४२५ला १४७०, ५४०ला ११७०, ६५०ला ९६५. म्हणजे टीसाठी ६००च्या वर जायचं. वेळ दर २५ मिमी जाडीला एक तास, आणि कमीत कमी दोन तास.

मधला २५० ते ३७५ अंशांचा पट्टा मात्र वर्ज्य समजा. तिथे टेंपर केलेलं ईएन २४ ठिसूळ होतं, आणि कडकपणाच्या तपासणीत ते कळत नाही. बीएचएन सुरेख येतं, जॉब पास होतो आणि पहिल्या झटक्याला काचेच्या कांडीसारखा तुटतो. ‘४५-५० एचआरसी हवंय’ अशी मागणी आली की टेंपरिंग नेमकं याच पट्ट्यात घसरतं, तेव्हा तिथे थांबून ग्राहकाला विचारा. विमानांच्या लँडिंग गिअरला वापरतात त्या ३००एम या स्टीलमध्ये ही अडचण हुशारीने सोडवली आहे. ४३४०मध्येच सिलिकॉन दीड टक्क्याच्या वर नेलं आणि थोडं व्हॅनेडियम घातलं, तेव्हा ठिसूळ पट्टा वर सरकला. मग ३०० अंशांच्या आसपास टेंपर करूनही १९०० मेगापास्कलच्या वर ताकद मिळते, तीही चिवटपणासह. पण तो माल निर्वात भट्टीत दुसऱ्यांदा वितळवलेला असतो. नाशिकजवळ ओझरला विमानं बनतात म्हणून आपल्या रॅकमधलं ईएन २४ त्या पंक्तीला बसत नाही.

चलनावर लिहायचं ते असं: ‘ईएन २४, हीट नंबर अमुक, तेलात हार्डन करून टेंपर, २४८–३०२ बीएचएन, भट्टीचा चार्ट जोडावा.’ एकच आकडा लिहू नका, कुणी ‘२७५ बीएचएन’ अचूक देऊ शकत नाही आणि मग वादाला तोंड फुटतं.

झिजणाऱ्या जागेला वरचा थर कडक हवा असेल तर नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) चांगलं: ४९० ते ५३० अंशांना होतं, बुडवणं नाही, म्हणून वाक जवळजवळ येत नाही आणि पृष्ठभागाचा कडकपणा ६०० विकर्सच्या वर जातो. फक्त आधीचं टेंपरिंग त्याहून किमान ३० अंश वर झालेलं हवं, नाहीतर गाभा पुन्हा मऊ होईल. कार्बुरायझिंग (पृष्ठभागात कार्बन मुरवणं) ईएन २४चं काम नाही, गिअरला तसं हवं असेल तर ईएन ३५३ किंवा २० एमएनसीआर ५ घ्या.

पायरी ७: वेल्डिंग, शक्यतो नकोच

कार्बन इक्विव्हॅलंट (वेल्डला तडा जाण्याचा धोका सांगणारा आकडा) काढून बघा: कार्बन, अधिक मँगेनीज भागिले ६, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम भागिले ५, अधिक निकेल भागिले १५. ईएन २४चे मधले आकडे टाकले की ०.८९ येतं. ०.४५च्या वर काळजी घ्यायची असते. आपण दुप्पट वर आहोत. तुटलेल्या शाफ्टला शेतात उभ्या उभ्या साधा रॉड मारला तर वेल्डशेजारचा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आपोआप तडा जातो.

करावंच लागलं तर ३०० अंशांच्या आसपास प्रीहीट, भट्टीत भाजून कोरडे केलेले लो-हायड्रोजन रॉड, काम संपेपर्यंत तापमान खाली येऊ न देणं, मग राखेत किंवा ब्लँकेटमध्ये सावकाश गार करणं आणि त्यानंतर ताण-निवारण. ताण-निवारणाचं तापमान मूळ टेंपरिंगच्या खाली. पिळाचा शाफ्ट मात्र एवढं करूनही नवाच करावा, असं माझं मत.

पायरी ८: गंज आणि प्लेटिंग

एक-सव्वा टक्का क्रोमियम असलं म्हणून ईएन २४ स्टेनलेस होत नाही. ते एमएससारखंच गंजतं, आणि गंजाचा प्रत्येक खड्डा पुढे फटिगच्या तड्याचं बीज ठरतो. आपल्याकडे त्यात भर बोर्डोची, म्हणजे द्राक्षावर फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या द्रावणाची. मोरचूद मिसळलेलं पाणी लोखंडावर पडलं की तांबं वर बसतं आणि खालचं लोखंड खाल्लं जातं. फवारणीच्या पंपात, ब्लोअरमध्ये द्रावणाला स्पर्श होणारा शाफ्ट ईएन २४चा करूच नका, तिथे स्टेनलेस लागतं. श्रेडरसारख्या कोरड्या कामाला रंग, ग्रीस आणि हंगाम संपल्यावर धुऊन तेल लावणं पुरतं.

झिंक प्लेटिंगचा मोह टाळा, विशेषतः हजार मेगापास्कलच्या वरच्या जॉबला. आम्लात धुताना आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो. मग भाराखाली असलेला बोल्ट कुणी हात न लावता काही दिवसांनी तुटतो. १२.९ वर्गाचे बोल्ट याला सगळ्यात आधी बळी पडतात. प्लेटिंग टाळता येत नसेल तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांना कित्येक तास बेकिंग झालंच पाहिजे, आणि हे पर्चेस ऑर्डरवर लिहा. तोंडी सांगितलेलं बेकिंग होत नाही.

तुटलाच तर

तुटलेल्या शाफ्टच्या तोंडाकडे नीट बघा. शिंपल्यावरच्या रेषांसारख्या वक्र, गुळगुळीत रेषा एका बिंदूतून पसरलेल्या असतील तर तो फटिग. त्या बिंदूपाशी कीवेचा कोपरा, हत्याराची रेघ किंवा गंजाचा खड्डा सापडेल. तिथे ग्रेड वाढवून उपयोग नाही, कोपरा सुधारा. पूर्ण तोंड चमकदार, दाणेदार आणि वाक अजिबात नाही, असं असेल तर ठिसूळपणाचा संशय घ्या आणि टेंपरिंगचा चार्ट काढा. शाफ्ट तुटण्याआधी दोरीसारखा पिळला असेल तर भार यील्डच्या वर गेला होता किंवा बार मऊ होता, ते बीएचएन मोजून लगेच कळतं.

लॅबला पाठवायचं असेल तर दोन्ही तुकडे पाठवा, टीसी आणि भट्टीचा चार्ट सोबत. तोंडं एकमेकांवर बसवून ‘जुळतं का’ ते बघू नका, त्यात तपासण्यासारख्या खुणा चिरडल्या जातात. पाण्याने धुऊ नका, वायर ब्रश मारू नका. पातळ तेलाचा हात फिरवा, प्रत्येक तुकडा वेगळ्या कोरड्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, आणि शाफ्टवर कोणती बाजू पीटीओकडे होती ते मार्करने लिहा.